वॉल्टर व्हाइट बदलत गेला, की उघडा पडत गेला?

पूर्वरंग

‘ब्रेकिंग बॅड’ पुन्हा एकदा सलग पाहून संपवली आणि पहिल्या वेळी न पडलेला एक प्रश्न या वेळी पिच्छा सोडत नाही, म्हणून हा धागा. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी इथेच थांबावे, कारण शेवटच्या भागापर्यंतच्या घटनांचा उल्लेख केल्याशिवाय ही चर्चा करता येणार नाही.

मालिकेचा कर्ता व्हिन्स गिलिगन याने मुख्य पात्राला नायकापासून खलनायकापर्यंत नेण्याचे सुरुवातीलाच ठरवले होते आणि ते त्याने मुलाखतींतून अनेकदा सांगितलेलेही आहे. जानेवारी २००८ ते सप्टेंबर २०१३ या काळात प्रक्षेपित झालेल्या बासष्ट भागांत आपण पाहतो ते हेच: अल्बुकर्कीमधला पन्नाशीचा रसायनशास्त्राचा शिक्षक, फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर कुटुंबासाठी पैसा मागे ठेवावा म्हणून मेथ हा अमली पदार्थ बनवू लागतो आणि जेमतेम दोन वर्षांत अशा ठिकाणी पोहोचतो की त्याचे स्वतःचे घर त्याच्या भीतीने दारे लावून घेते.

आता प्रश्न असा. मालिका संपल्यानंतर चाहत्यांमध्ये एक मत जवळजवळ सर्वमान्य होऊन बसले आहे की वॉल्टर मुळात बदललाच नाही. तो पहिल्यापासून असाच होता, आजारपणाने त्याला फक्त निमित्त दिले. मला हे मत शेवट ठाऊक असल्यामुळे मागाहून सुचलेले शहाणपण वाटते. पहिल्या पर्वात तळघरात बांधून ठेवलेल्या क्रेझी-एट या मेथविक्रेत्याला मारावे की सोडावे हे ठरवण्यासाठी वॉल्टर कागदावर दोन रकाने आखतो. सोडण्याच्या बाजूला तो बरीच कारणे लिहितो, मारण्याच्या बाजूला एकच: सोडले तर हा माझ्या सगळ्या कुटुंबाला संपवेल. तो त्या माणसाला जेवण नेऊन देतो, त्याच्याशी गप्पा मारतो, सोडायचे ठरवून किल्ली आणायलाही जातो. आणि कचऱ्यातले बशीचे तुकडे जुळवून पाहिल्यावर एक तुकडा कमी आहे हे लक्षात येते तेव्हा कुठे तो हत्या करतो, तीही गळा आवळताना माफी मागत. हाच माणूस पाचव्या पर्वात खिडकीशी उभा राहून मनगटावरचे घड्याळ पाहतो आणि तेवढ्या वेळात तीन तुरुंगांमध्ये मिळून दहा माणसे मारली जातात. या दोन माणसांना ‘पहिल्यापासून एकच’ म्हणायचे असेल, तर मग नैतिक अधःपतन या शब्दांना काही अर्थ उरतो का? आणि बदल झाला असे मानत असाल, तर तुमच्या मते परतीची वाट नेमकी कोणत्या प्रसंगी बंद झाली?

आडवाट

परतीची वाट पहिल्या पर्वाच्या पाचव्या भागातच बंद झाली, असे माझे स्पष्ट मत आहे. जुना मित्र एलियट श्वार्ट्‌झ त्याला नोकरी देऊ करतो, उपचारांचा खर्च उचलण्याची तयारी दाखवतो आणि वॉल्टर नकार देतो. त्या क्षणी ‘कुटुंबासाठी’ हे कारण संपते. पैसा हवा होता, पैसा समोर होता, आणि तो घेतला असता तर पुढचा एकही माणूस मेला नसता. ज्या कंपनीतला आपला वाटा त्याने तरुणपणी पाच हजार डॉलरला विकला, ती कंपनी पुढे अब्जावधींची झाली ही खुपणारी गोष्ट त्याच्या मनात आजाराच्या कितीतरी आधीपासून होती, हे तो स्वतः पाचव्या पर्वात जेसीला, म्हणजे आपल्या जुन्या विद्यार्थ्याला आणि धंद्यातल्या भागीदाराला, सांगतो. कंपनीची किंमत दर आठवड्याला पाहत असतो, असेही सांगतो. दर आठवड्याला! असा माणूस आजारामुळे बदलला असे म्हणणे मला पटत नाही.

राहता राहिला तो दोन रकान्यांचा कागद. पूर्वरंग, तुम्ही त्याला विवेकाचा पुरावा मानता, पण सभ्य माणसाला आपण सभ्य असल्याची खात्री स्वतःलाच करून द्यायची असते तेव्हा तो असेच कागद लिहीत बसतो. निर्णय आधीच झालेला असतो.

सांजवारा

आडवाट, कागदाबद्दलचे तुमचे विधान प्रत्यक्ष प्रसंगाशी जुळत नाही. निर्णय आधीच झालेला असता तर तो किल्ली आणायला गेला नसता. त्या भागाची सगळी रचनाच अशी आहे की वॉल्टर न मारण्याच्या बाजूने झुकलेला आहे आणि बशीचा हरवलेला तुकडा त्याच्या हातून ती सुटका हिरावून घेतो.

नकाराविषयी मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण पाचव्या भागाचा दाखला इतक्या वेळा दिला जातो की तो तपासून पाहायचे कोणाला सुचतच नाही. जुन्या मित्राचे उपकार नाकारणे हा अहंकार आहे, हे मान्य. पण अहंकार आणि दुष्टपणा यांत अंतर असते. मदत घेण्यापेक्षा मरण पत्करणारी माणसे आपल्या सर्वांच्या पाहण्यात असतात आणि त्यांच्यापैकी कोणी दहा जणांना तुरुंगात मारत नाही. त्या नकारातून पुढचे सगळे अटळपणे आले असे म्हणायचे, तर मधल्या चार वर्षांच्या लेखनाची गरजच काय होती? पाचव्या भागात आपल्याला बी दिसते हे खरे, पण बी दिसले म्हणजे झाड दिसले असे होत नाही.

मला बदल दिसतो तो कृत्यांच्या क्रौर्यात नाही. क्रौर्य तर वरखाली होत राहते. बदल दिसतो तो कृत्य आणि त्याचे समर्थन यांच्यामधल्या अंतरात. क्रेझी-एटच्या वेळी समर्थन आधी शोधले जाते, पुरेसे सापडत नाही, म्हणून कृत्य लांबत जाते. दुसऱ्या पर्वाच्या शेवटाकडे जेसीची प्रेयसी जेन गुदमरून मरत असताना तो आधी धावतो, मग थांबतो. तेथे कृत्य आणि समर्थन एकाच क्षणी घडतात आणि त्या क्षणी डोळ्यांत पाणीही येते. जेनने त्याला जेसीच्या वाट्याच्या पैशांसाठी धमकावलेले आहे, जेसी तिच्यासोबत नशेत बुडत चालला आहे, म्हणजे वॉल्टरपाशी कारणे आहेत. पण त्या काही सेकंदांत त्याला ती कारणे उच्चारावी लागत नाहीत, फक्त हात मागे घ्यावा लागतो.

आणि मग तिसऱ्या पर्वाची सुरुवात, जिच्याकडे माझ्या मते चाहत्यांनी फार दुर्लक्ष केले आहे. जेनचे वडील हवाई वाहतूक नियंत्रक. मुलीच्या मृत्यूने खचलेल्या या माणसाच्या हातून चूक होते, दोन विमाने अल्बुकर्कीच्या आकाशात धडकतात आणि १६७ माणसे मरतात. शाळेत मुलांना धीर देण्यासाठी सभा भरते. मुले रडत आहेत, आणि वॉल्टर ध्वनिक्षेपक हातात घेऊन त्यांना समजावतो की दोन्ही विमाने पूर्ण भरलेली नव्हती, जमिनीवर कोणी मेले नाही, विमान अपघातांच्या यादीत हा पन्नासाव्या क्रमांकाच्या आसपासचा आहे, आणि टेनेरिफमध्ये तर याहून कितीतरी जास्त माणसे मेली होती. टेनेरिफचा अपघात खरा आहे. मार्च १९७७ मध्ये धावपट्टीवर दोन जम्बो विमाने आदळून ५८३ माणसे गेली. आकडा खरा, वक्ता खरा बोलतो आहे, आणि तरीही सभागृहात बसलेल्या कोणालाही माहीत नसलेली एक गोष्ट आपल्याला माहीत आहे: हा माणूस मुलांचे सांत्वन करत नसून स्वतःच्या वाट्याला आलेली प्रेते मोजून ती कमी करतो आहे. रकाने आखणारा वॉल्टर येथे पुन्हा दिसतो, फरक इतकाच की आता रकाने कृत्यानंतर आखले जातात. पूर्वरंग, तुमच्या प्रश्नाला मी हेच उत्तर देईन. वाट बंद झाली ती या सभेत, जेथे कोणीही मारले जात नाही.

पुढे हे अंतर उलट दिशेने वाढत जाते. चौथ्या पर्वाच्या शेवटी तो ब्रॉक या लहान मुलाला विषबाधा घडवून आणतो, आणि त्याचे समर्थन त्याने स्वतःशी केल्याचे आपल्याला दिसतसुद्धा नाही. अंगणातल्या कुंडीतल्या रोपावर कॅमेरा स्थिरावतो तेव्हाच आपल्याला कळते. पाचव्या पर्वात रेल्वेगाडी लुटताना त्यांचा साथीदार टॉड एका मुलाला गोळी घालतो. वॉल्टर जेसीला सांगतो की मलाही झोप लागत नाही, आणि जेसी वळताच कामाला लागून शीळ घालू लागतो. त्या शिळेचा धसका जेसीइतकाच मलाही बसला होता.

तिसरी घंटा

सांजवारा यांचा सभेचा मुद्दा उत्तम आहे. पण या धाग्यात अजून एकाचे नाव आलेले नाही, आणि तो म्हणजे प्रेक्षक.

मालिका प्रक्षेपित होत असताना ती पाहणाऱ्यांना एकेका भागासाठी आठवडाभर थांबावे लागे आणि पर्वांमध्ये मोठी खिंडारे होती. तिसरे पर्व जून २०१० मध्ये संपले आणि चौथे सुरू व्हायला जुलै २०११ उजाडला. तिसऱ्याच्या शेवटी वॉल्टरच्या सांगण्यावरून जेसी गेल या वॉल्टरच्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याच्या दारात बंदूक रोखून उभा होता. म्हणजे एका वर्षाहून अधिक काळ प्रेक्षक त्या बंदुकीसमोर थांबलेले होते, आणि त्या काळात बहुतेकांची चर्चा ‘वॉल्टर आता वाचेल कसा’ हीच होती. ‘गेल मरू नये’ असे म्हणणारे थोडेच. आपण त्याच्या बाजूने विचार करायला शिकलो होतो. सलग पाहणाऱ्याला अधःपतनाचा उतार स्पष्ट दिसतो. थांबत थांबत पाहणाऱ्याला प्रत्येक पायरी सपाट वाटते, कारण मधल्या काळात तो त्या पायरीवर राहायला सरावलेला असतो. ‘पहिल्यापासून असाच होता’ हे मत मालिका संपल्यावर जोर धरू लागले ते उगाच नाही. त्या मताचा एक फायदा असा, की मग आपण इतकी वर्षे त्याची बाजू का घेतली याचे उत्तर द्यावे लागत नाही. तो लबाड होता, आपण फसलो, विषय संपला.

स्कायलरच्या बाबतीत काय झाले ते आठवून पाहा. नवरा कोठे जातो हे विचारणारी, खोटे पकडणारी, मुलांना त्या धंद्यापासून दूर ठेवू पाहणारी ही बाई चाहत्यांच्या इतक्या तिरस्काराची धनी झाली की तिची भूमिका करणाऱ्या ॲना गन यांना ऑगस्ट २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्याबद्दल लेख लिहावा लागला. पात्राचा राग अभिनेत्रीवर निघत होता. जी व्यक्तिरेखा वॉल्टरचे खोटे पहिल्यांदा ओळखते तीच प्रेक्षकांना अडथळा वाटत होती, म्हणजे वॉल्टरच्या समर्थनांवर त्याच्याइतकाच आपलाही विश्वास बसलेला होता. पूर्वरंग यांचा प्रश्न मी असा विचारेन: वॉल्टरची परतीची वाट राहू द्या, तुम्ही त्याची साथ कोणत्या प्रसंगी सोडली? माझ्यापुरते उत्तर ब्रॉक. जेनच्या वेळी मी सोडायला हवी होती.

पूर्वरंग

सर्वांचे आभार. तिसरी घंटा, प्रामाणिकपणे सांगायचे तर मी त्याची साथ त्याचा धंद्यातला भागीदार माइक याच्या हत्येपर्यंत सोडली नव्हती. माइक स्वतः खुनी होता हे ठाऊक असूनही नदीकाठचा तो प्रसंग सहन झाला नाही, आणि त्याचे कारण हे की ती हत्या अगदी निरर्थक आहे. गोळी झाडून झाल्यावर वॉल्टरला आठवते की हवी असलेली, माइकच्या तुरुंगातल्या माणसांची नावे धंद्यातल्याच लिडियाकडूनही मिळाली असती, आणि तो मरणाऱ्या माणसाला ते समजावून सांगू लागतो. सांजवारा यांच्या मांडणीत हा प्रसंग कसा बसतो? येथे ना रकाने आहेत ना घड्याळ. दुखावलेल्या माणसाचा शुद्ध संताप आहे.

सांजवारा

तो बसत नाही, आणि बसू नये असेच मला वाटते. थंडपणे योजना आखणारा हायझेनबर्ग (वॉल्टरचे धंद्यातले टोपणनाव) ही प्रतिमा वॉल्टरला स्वतःला आवडत होती. माइकने काही मिनिटे आधी तीच फोडली होती, की सगळे सुरळीत चालले होते ते तुझ्या गर्वापायी उद्ध्वस्त झाले. खरे बोलणाऱ्याला गोळी मिळाली. तरीही एक पाहावे, की गोळीनंतर लगेच समर्थनाचा, किंबहुना हिशेब दुरुस्त करण्याचा, तोच जुना प्रयत्न सुरू होतो आणि माइक त्याला गप्प बसायला सांगतो. संपूर्ण मालिकेत वॉल्टरचे समर्थन ऐकायला इतका ठाम नकार देणारे फार थोडे आहेत.

कोरा कागद

माणूस मुळात जसा असतो तसाच उघडा पडतो, हा सिद्धांत मान्य केला तर जेसी पिंकमनचे काय करायचे? त्याचा मार्ग वॉल्टरच्या नेमका विरुद्ध जातो आणि तोही त्याच धंद्यात, त्याच खोल्यांत. गेलला प्रत्यक्ष गोळी जेसीने घातली. वॉल्टरने फक्त सांगितले. पण त्यानंतर चौथ्या पर्वात जेसी व्यसनमुक्तीच्या गटात बसून आपण एका कुत्र्याला मारल्याची गोष्ट सांगतो, आणि गटाचा प्रमुख त्याला स्वतःला माफ करायला सांगतो तेव्हा तो भडकतो. काहीही केले तरी चालते आणि काहीच परिणाम होत नाही, तर मग या सगळ्याचा अर्थ काय, असे त्याचे म्हणणे. त्याला माफी नको असते, कोणीतरी जाब विचारायला हवा असतो. नंतर तो गाडीतून नोटांची पुडकी लोकांच्या अंगणात फेकत फिरतो.

वॉल्टरला जाब विचारणारे घरातच होते, स्कायलर होती, आणि अमली पदार्थविरोधी खात्यातला साडू हँक तर जेवणाच्या टेबलापलीकडे बसत असे. तरी तो दरवेळी निसटला. सारख्याच कृत्यांनी एक माणूस मऊ होत गेला आणि दुसरा निबर. म्हणून मी बदलाच्या बाजूने आहे. फक्त मला वाटते की हा बदल परिस्थितीने केला असे न म्हणता, रोज थोडाथोडा निवडलेला असे म्हणावे. दुसऱ्या पर्वात कर्करोग मागे हटल्याची बातमी मिळते तेव्हा सगळे कुटुंब आनंदात असते आणि वॉल्टर प्रसाधनगृहात जाऊन हात पुसण्याच्या कागदांचा डबा ठोशांनी चेपून टाकतो. जगण्याची मुदत वाढली, म्हणजे कारण गेले. त्या दिवसापासून त्याला थांबता आले असते. त्याच पर्वाच्या पहिल्या भागात त्याने कुटुंबाला लागणाऱ्या पैशांचा हिशेब करून ७,३७,००० डॉलर हा आकडा काढलेला होता. तिसऱ्या पर्वात अमली पदार्थांचा बडा व्यापारी गस त्याला तीन महिन्यांच्या कामाचे तीस लाख देऊ करतो, आणि शेवटी वाळवंटात पुरलेली रक्कम आठ कोटींच्या घरात जाते.

आडवाट

कोरा कागद, जेसीचा दाखला माझ्याच बाजूने जातो. जेसी मुळात हळवा होता, तो हळवाच राहिला. शिवाय आपण सगळे शेवटच्या भागातली कबुली विसरतो आहोत. वॉल्टर स्कायलरला स्वतःच्या तोंडाने सांगतो की हे मी माझ्यासाठी केले, मला ते आवडत होते, मी त्यात तरबेज होतो आणि त्यामुळे मी जिवंत होतो. खुद्द आरोपीने कबुली दिल्यावर आणखी कोणता पुरावा हवा?

तिसरी घंटा

त्या कबुलीवर एवढा विश्वास का ठेवायचा, हे मला कधीच समजलेले नाही. हा माणूस पाच पर्वे आपल्या आयुष्याची कहाणी सोयीनुसार रचत आला आहे. ‘कुटुंबासाठी’ म्हणाला तेव्हा तो खोटे बोलत होता असे आपण ठरवतो आणि ‘माझ्यासाठी’ म्हणाला तेव्हा खरे, कारण दुसरे वाक्य आपल्या मताशी जुळते. हँकचा जीव वाचवण्यासाठी त्याने टोळीवाल्या जॅकपुढे सगळे आठ कोटी ठेवले होते. ते कोणासाठी होते? आणि त्याच दिवशी, पोलीस ऐकत आहेत हे ठाऊक असताना, फोनवर स्कायलरला घाणेरड्या शिव्या देत त्याने सगळा दोष स्वतःवर ओढून घेतला, तिची सुटका व्हावी म्हणून. त्या फोनवर तो अभिनय करत होता असे आपण मानतो, काही जण तर म्हणतात की त्यातला राग खरा होता. मग स्वयंपाकघरातली कबुलीही स्कायलरला ऐकायचे होते तेच तिला देणे असू शकते. तीही एक भेटच, आणि बहुधा अर्धी खरी.

सांजवारा

कबुलीपेक्षा त्याच भागातला, तिच्या आधीचा प्रसंग मला या वादात अधिक उपयोगी वाटतो, आणि आडवाट यांच्या पाचव्या भागाशी तो थेट जोडलेला आहे. वॉल्टर एलियट आणि त्याची बायको ग्रेचेन यांच्या घरात शिरतो, ९७ लाख २० हजार डॉलरची रास त्यांच्या टेबलावर लावतो आणि मुलगा अठरा वर्षांचा झाला की ही रक्कम तुमची देणगी म्हणून त्याला द्या, असे फर्मावतो. ज्यांचे पैसे त्याने पाचव्या भागात नाकारले, त्यांच्याच नावाने त्याचे पैसे त्याच्या मुलांना मिळणार. श्रेयासाठी हा माणूस किती हपापलेला होता ते आठवावे. मुलाने वडिलांच्या उपचारांसाठी सुरू केलेल्या संकेतस्थळावरून त्याचाच पैसा देणगी म्हणून घरी येत होता आणि अनोळखी दात्यांचे कौतुक ऐकून तो आतल्या आत जळत होता. चौथ्या पर्वात तर हँक मेलेल्या गेललाच हायझेनबर्ग समजून प्रकरण मिटवायला निघालेला असताना, दारूच्या भरात वॉल्टरने खरा हुशार माणूस अजून बाहेरच असेल असे सुचवून तपास पुन्हा स्वतःकडे वळवून घेतला. असा माणूस शेवटी श्रेय सोडतो. ‘पहिल्यापासून असाच’ म्हणणाऱ्यांना याचे स्पष्टीकरण द्यावे लागेल.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण पूर्वरंग यांच्या मूळ विधानालाही मी पूर्ण होकार देत नाही. हे श्रेय तो सोडतो ते दोन निरपराध माणसांना जन्मभराची दहशत घालून. बाहेर झाडीत मारेकरी दबा धरून बसले आहेत असे भासवतो आणि त्यांच्या अंगावर लाल ठिपके नाचवतो. ते मारेकरी म्हणजे जेसीचे दोन मित्र, आणि ठिपके साध्या लेझर पॉइंटरचे, हे आपल्याला नंतर कळते, त्या दोघांना कधीच कळत नाही. आणि याच बोलण्यात तो एक अट घालतो, जिच्याबद्दल मी आजवर फारसे कोठे वाचलेले नाही: कर असोत वा वकिलाचा खर्च, तो या राशीतूनच करायचा, तुमच्या स्वतःच्या पैशातला एक पैसाही त्यात जाता कामा नये.